भावाची टॉप सर्जरी आहे, घरी आणल्यावर कशाला घाबरायचं आणि कशाला नाही?

धनकवडीची_ताई

नमस्कार. माझा धाकटा भाऊ ट्रान्स आहे, वय २६, टी (टेस्टोस्टेरॉन) चालू होऊन अडीच वर्षं झाली. पुढच्या महिन्यात त्याची टॉप सर्जरी, म्हणजे छाती सपाट करायचं ऑपरेशन, ठरलीये, इथेच पुण्यात. आईबाबा गावी असतात, त्यांना सगळं माहितीये पण ते येणार नाहीत, त्यामुळे ऑपरेशनच्या दिवसापासून पुढचे तीन आठवडे त्याच्यापाशी मीच असणारे. ऑफिसात रजा टाकून झाली.

आधीच सांगते, करू का नको हे विचारायला मी आलेली नाही. मे महिन्यात कामावरून आल्यावर बाइंडर (छाती दाबून सपाट दिसण्यासाठी घालतात तो घट्ट कपडा) काढतो तेव्हा बरगड्यांवर लाल वळ उठलेले असतात आणि खाली घामोळं, वर टीशर्ट आणि त्याच्यावर अजून एक शर्ट, हे मी सहा वर्षं बघतेय. त्याचा निर्णय झालाय आणि तो बरोबर आहे.

प्रश्न वेगळा आहे. सोमवारी कन्सल्टेशनला गेलो होतो. डॉक्टर नीट बोलले, कागदावर चित्र काढून दाखवलं, डबल इन्सिजन (दोन्ही बाजूंना छेद घेऊन) आणि निपल ग्राफ्ट (निपल काढून नव्या जागी शिवणं) करणार म्हणाले. मग एक फॉर्म हातात आला. रक्तस्राव, हेमाटोमा, सेरोमा, इन्फेक्शन, ग्राफ्ट नेक्रोसिस (शिवलेलं निपल मरणं), संवेदना जाणं, केलॉइड, दोन्ही बाजू एकसारख्या नसणं, पुन्हा ऑपरेशन लागणं, पायात गुठळी, भूल. भावाने वाचून सही केली, तो शांत आहे. मी तो कागद घरी आणलाय आणि रोज रात्री परत काढून वाचतेय, कारण सगळ्या ओळी एकाच साइजच्या अक्षरात आहेत. ह्यातलं नेहमीचं काय, हळूहळू बरं होणारं काय, आणि रात्री दोन वाजता उठून पळायचं कशासाठी, ते त्या कागदावरून कळत नाही. नेटवर फोटो बघितले तर एक तर एकदम सुंदर नाहीतर एकदम भयानक, मधलं कोणी टाकतच नाही.

अजून दोन गोष्टी. हॉस्पिटल शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, संध्याकाळी धनकवडीतून निघालं तर तास सहज जातो. आणि आमच्या आत्याला ब्रेस्ट कॅन्सर झाला होता, हे डॉक्टरांना सांगायचं राहिलं, त्याने काही फरक पडतो का?

ज्यांची झालीये किंवा ज्यांनी कोणाची काळजी घेतलीये त्यांनी प्लीज लिहा. वाईट झालं असेल तर तेही लिहा.

हडपसर_२१

ताई, माझी २०२१ ला झाली, डबल इन्सिजनच. मला हेमाटोमा, म्हणजे आत रक्त साठणं, झाला होता, म्हणून तेवढ्याचंच सविस्तर लिहितो, कारण माझी चूक तुमच्याकडून होऊ नये.

दुसऱ्या दिवशी दुपारी डिस्चार्ज मिळाला. रात्री अकराच्या सुमाराला डावी बाजू ताठ वाटायला लागली. उजवीकडे दुखत होतं पण ते ठणकणं होतं, गोळी घेतली की कमी व्हायचं. डावीकडे मात्र आतून कोणीतरी फुगा फुगवतंय असं, आणि गोळीने काहीच फरक नाही. आरशात बघितलं तर व्हेस्टच्या (ऑपरेशननंतर छातीवर घालायचा घट्ट कपडा) वरून सुद्धा एक बाजू उंच दिसत होती. मी काय केलं तर ड्रेनचा, म्हणजे आतलं रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या नळीचा, बल्ब बघितला, त्यात फारसं रक्त नव्हतं, म्हटलं म्हणजे सगळं ठीक आहे, आणि झोपायचा प्रयत्न केला. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की नळीत रक्ताची गाठ अडकली होती, म्हणून बल्ब रिकामा आणि रक्त सगळं आत साठत होतं. बल्ब रिकामा आहे म्हणून निर्धास्त राहू नका, छाती बघा.

पहाटे पाचला फोन केला. इतक्या रात्री डॉक्टरांना कसं उठवायचं ह्या संकोचात सहा तास घालवले. परत ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) घेतलं, जागा उघडली, साकळलेलं रक्त काढलं, एक रक्तवाहिनी वाहत होती ती बंद केली, एक दिवस ठेवून घेतलं. आज दोन्ही बाजूंत फरक शोधायला गेलं तरच सापडतो, डावा वण थोडा जाड आहे एवढंच. पण वेळेत काढलं नसतं तर वरच्या कातडीला आणि ग्राफ्टला रक्तपुरवठा मिळाला नसता, ते जाऊ शकलं असतं.

हेमाटोमा बहुतेक वेळा पहिल्या एकदोन दिवसांतच होतो. त्यामुळे अंतराचा प्रश्न खरा आहे. मी तुमच्या जागी असतो तर पहिल्या दोन रात्री हॉस्पिटलच्या जवळ राहिलो असतो, कोणाकडे तरी किंवा साधी लॉज. डॉक्टरांना आत्ताच विचारा की रात्री दोनला फोन लावला तर कोण उचलणार, आणि परत ओटीत न्यायची वेळ आली तर तिथे रात्रीचा भूलतज्ज्ञ असतो का. हे विचारायला लाजायचं नाही.

ओटी_सिस्टर

मी अकरा वर्षं प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात आहे, नर्स म्हणून. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. हडपसरनी लिहिलंय ते अगदी बरोबर आहे, एका बाजूची झपाट्याने वाढणारी सूज, ताठपणा, निळसर काळपट होत जाणारी कातडी आणि गोळीने न थांबणारं दुखणं हे दिसलं की ताई तुम्ही फोन करायचा, वेळ बघायची नाही. नुसता थोडा निळेपणा किंवा पिवळेपणा पसरलेला दिसेल तो नेहमीचा असतो, पोटापर्यंत सुद्धा उतरतो, त्याला घाबरू नका. फरक असा की नेहमीचं ते मऊ असतं आणि दोन्हीकडे असतं.

ड्रेनबद्दल. दोन्ही बाजूंना एकेक नळी आणि टोकाला दाबायचा बल्ब. तो दाबून हवा काढूनच झाकण लावायचं, नाहीतर तो ओढत नाही, घरी सगळ्यात जास्त चूक इथेच होते. सकाळी आठ आणि रात्री आठ, एक वही करा, डावी उजवी वेगळी, किती एमएल आणि रंग कसा. पहिल्या दिवशी लाल, मग गुलाबीसर, मग चहात पाणी जास्त झाल्यासारखं पिवळसर, असं जायला पाहिजे. गुलाबी झालेलं परत एकदम लालभडक आणि भराभर भरायला लागलं तर फोन. चोवीस तासांत साधारण २५-३० एमएलच्या खाली आलं की काढतात, बहुतेकांचं आठवड्याभरात होतं, काही डॉक्टर ड्रेन घालतच नाहीत, त्यांची पद्धत वेगळी असते.

सेरोमा म्हणजे ड्रेन काढल्यावर आत पाणी साठणं. हात ठेवला तर पाण्याच्या पिशवीसारखं डुचमळतं. हे बऱ्यापैकी होतं आणि त्यात रात्री पळण्यासारखं काही नसतं, सकाळी फोन करून ओपीडीत जायचं, सुईने ओढून काढतात, कधी दोनतीनदा काढावं लागतं. व्हेस्ट सांगितलेत तितके आठवडे घातला आणि हात जपले तर शक्यता कमी होते.

इन्फेक्शन पहिल्या दिवशी नसतं, ते तीनचार दिवसांनंतर डोकं वर काढतं. टाक्यांच्या आजूबाजूचा लालपणा पसरत चाललाय, हात लावला तर गरम, पू, वास, आणि ताप. ऑपरेशननंतर पहिल्या दिवशी किंचित अंग गरम लागतं त्याला इन्फेक्शन समजू नका, पण ताप १०१ च्या वर गेला किंवा चौथ्या पाचव्या दिवशी नव्याने चढला तर कळवा. पेनाने लालपणाच्या कडेला हलकी रेघ मारून ठेवा, संध्याकाळी रेघेच्या बाहेर गेलाय का ते बघा, डॉक्टरांना फोनवर सांगायला सोपं पडतं.

आणि मी हात जोडून सांगते, जखमेवर हळद, कोरफड, तूप, तुरटी, काहीही लावू नका. शेकायची पिशवी तर अजिबात नाही. तिथली कातडी बधिर असते, भाजलेलं कळत नाही. एका मुलाला त्याच्या मावशीने मायेनेच शेक दिला होता आणि त्या फोडांचा त्रास मूळ ऑपरेशनपेक्षा जास्त झाला. बर्फाचंही तसंच, ग्राफ्टवर बर्फ ठेवायचा नाही.

एका पायाची पोटरी सुजली, दुखतेय, किंवा अचानक धाप लागली आणि श्वास घेताना छातीत टोचतंय, तर डॉक्टरांचा नंबर शोधत बसायचं नाही, १०८ लावायचा किंवा जवळचं कुठलंही मोठं हॉस्पिटल गाठायचं. गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते. हे फार क्वचित होतं, आणि ते टाळण्यासाठीच पेशंटला त्याच दिवशी संध्याकाळी उठवून चालवतात. घरी पण त्याला दर दोन तासांनी ह्या खोलीतून त्या खोलीत चालवा, झोपून राहू देऊ नका.

आत्याचं नक्की सांगा, उद्याच फोन करून सांगा. ह्या ऑपरेशनमध्ये छातीला आकार राहावा म्हणून थोडा टिश्यू मुद्दाम ठेवतात, कॅन्सरसाठी करतात तसं सगळं काढत नाहीत. म्हणजे धोका खूप कमी होतो पण शून्य होत नाही. घरात इतिहास असेल तर डॉक्टर आधी सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी सांगू शकतात, किती टिश्यू ठेवायचा ते ठरवतात. काढलेला भाग हिस्टोपॅथॉलॉजीला (लॅबमध्ये तपासायला) पाठवणार ना, हे विचारून घ्या.

निळा_सदरा

माझा ग्राफ्टचा अनुभव लिहितो, ह्यावर लोक बोलत नाहीत आणि मग बघितल्यावर हादरतात.

निपल पूर्ण काढून, छोटं करून, नव्या जागी शिवतात. त्याच्यावर कापसाची गादी टाक्यांनी बांधलेली असते, माझी सातव्या दिवशी सोडली. खाली जे दिसलं ते काळं होतं. जळलेल्या पापडासारखं. मी डॉक्टरांसमोरच रडलो. ते म्हणाले वरची खपली आहे, थांब. आणि खरंच दोनअडीच आठवड्यांनी ती कडेने सुटायला लागली, खाली गुलाबी कातडी. उजवीकडचं सगळं जगलं. डावीकडे साधारण तिसरा भाग गेला, तिथे रंग आलाच नाही, पांढरट डाग राहिलाय. वर्षाने मी टॅटू करून रंग भरून घेतला, आता मलाच नीट बघावं लागतं.

तिसरा भाग का गेला हे खात्रीने कोणी सांगू शकत नाही, पण मी सिगरेट ऑपरेशनच्या जेमतेम दहा दिवस आधी सोडली होती आणि डॉक्टरांना महिना झाला असं सांगितलं होतं. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि ग्राफ्ट पहिले एकदोन दिवस तळातून झिरपणाऱ्या द्रवावर आणि मग तळातल्या बारीक रक्तवाहिन्या जोडल्या गेल्या तरच जगतं. चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर काही नाही, व्हेप नाही, गुटखा तंबाखू नाही, निकोटिनची गोळी सुद्धा डॉक्टरांना विचारूनच. भाऊ ओढत असेल तर ताई, ओरडू नका, फक्त डॉक्टरांना खरं सांगायला लावा, गरज पडली तर तारीख पुढे ढकलतील.

संवेदनेचं पण आधी नीट बोलून घ्या. ग्राफ्टमध्ये नस कापली जाते. स्पर्श, दाब, थंड गरम हे मला आठदहा महिन्यांत थोडं थोडं परत आलं, मधे मधे मुंग्या आणि विजेसारखी कळ यायची ती नसा भरताना येते. पण निपलला आधी जे वाटायचं ते परत आलं नाही. मला त्याचं दुःख नाही, माझ्या एका मित्राला आहे, कारण त्याला कोणी आधी सांगितलंच नव्हतं. ही कॉम्प्लिकेशन नाही, हे त्या पद्धतीत ठरलेलंच आहे. लहान छाती असेल तर कीहोल किंवा पेरिअरिओलरमध्ये (निपलच्या कडेने छेद घेऊन करतात त्या पद्धती) नस वाचायची शक्यता जास्त, पण तिथे हेमाटोमा आणि पुन्हा टचअप लागण्याचं प्रमाण जास्त असतं. काहींना निपल नकोच असतात, ते ग्राफ्ट करतच नाहीत, तो पण एक रस्ता आहे.

कोथरूड_आई

माझ्या मुलाचं दोन वर्षांपूर्वी झालं. सातव्या आठव्या दिवशी तो एकदम गप्प झाला, जेवेना, रडायला लागला. मला वाटलं पश्चात्ताप झाला की काय, पण विचारायची हिंमत होईना. तसं काही नव्हतं. भूल, गोळ्या, झोप नाही, स्वतःची अंघोळ स्वतः करता येत नाही, आरशात सुजलेलं अंग, ह्या सगळ्याने मन खाली जातं, आठवड्याभरात सावरला. तुमच्या भावाचं तसं झालं तर घाबरू नका, जवळ बसा. दोन आठवड्यांच्या वर गेलं किंवा काही भलतं बोलला तर त्याच्या सायकियाट्रिस्टना फोन.

आणि आधीच खोलीचं बोलून घ्या. आम्हाला फीमेल वॉर्डात टाकत होते आणि आधारवरच्या जुन्या नावाने कॉरिडॉरमधून हाका मारत होते, त्याला ऑपरेशनच्या सकाळी ते ऐकावं लागलं, अजून माझ्या मनातून जात नाही. सिंगल रूम घ्या आणि केसपेपरवर वर मोठ्या अक्षरात हाक मारायचं नाव लिहून घ्या. मेडिक्लेमचं उत्तर ईमेलवरच मागा. २०१९ च्या कायद्यात विम्याचा उल्लेख आहे, पण काउंटरवरचा माणूस तोंडी हो म्हणाला त्याला अर्थ नसतो.

धनकवडीची_ताई

तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत, मी काल रात्री दोनदा वाचलं आणि मग पहिल्यांदा नीट झोपले. आत्याचं आज फोनवर सांगितलं, सोनोग्राफी करायला सांगितलीये. सिगरेट तो ओढत नाही. रात्रीच्या भूलतज्ज्ञाचं विचारलं, आहे म्हणाले. पहिल्या दोन रात्रींसाठी त्याच्या मित्राचं घर ठरलंय, हॉस्पिटलपासून दहा मिनिटांवर.

अजून एक. फॉर्मवर केलॉइड, म्हणजे वण फुगून जाड होणं, लिहिलंय ते आधी कळू शकतं का? आणि आमच्याकडे बेड नाही, तो खाली गादीवर झोपतो, अंघोळ बादलीने. हे चालेल?

ओटी_सिस्टर

केलॉइडचा अंदाज घरीच येतो. त्याच्या दंडावरचा बीसीजीचा वण बघा. सपाट किंवा खड्डा असेल तर बरं, पण जाड, चकचकीत, टिचभर लसीपेक्षा पसरलेला असेल, किंवा कान टोचल्यावर पाळीला गाठ आली असेल, आईला मावशीला तसं होत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. आपल्या सावळ्या कातडीत हे जास्त होतं. त्याने ऑपरेशन थांबत नाही, पण सिलिकॉनची पट्टी कधी सुरू करायची, वण फुगायला लागला तर इंजेक्शन कधी द्यायचं, ह्याचा प्लॅन आधीपासून ठरतो. सहा महिने ते वर्षभर वणाला ऊन लागू द्यायचं नाही. वणाच्या टोकाला काखेजवळ कातडीची छोटी घडी राहिली तर तिला डॉग इअर म्हणतात, बरीचशी आपोआप बसते, नाही बसली तर सहा महिने वर्षाने जागा बधिर करून काढतात.

गादीवर नको. खालून उठताना दोन्ही हातांवर जोर येतोच, कितीही जपलं तरी. तीन आठवड्यांसाठी कॉट भाड्याने आणा, पाठीला दोन लोड लावून अर्धवट बसल्यासारखं झोपवा, कुशीवर नाही. बादली तुम्ही भरायची आणि तुम्हीच उचलायची. ड्रेन असेपर्यंत अंग पुसूनच घ्यायचं. दोरीवर कपडे वाळत घालणं, वरच्या फळीवरचा डबा काढणं, शटर ओढणं, कुकरचं झाकण जोर लावून बसवणं, हे सगळं बंद, हात खांद्याच्या वर गेला की वण ताणून रुंद होतो. गाडी किमान महिनाभर चालवायची नाही, टू-व्हीलरवर मागे पण बसू देऊ नका, आपल्या रस्त्यांवर एक खड्डा पुरे होतो. रिक्षा नको, कॅब करा, आणि पट्टा आणि छाती ह्यांच्यामध्ये छोटी उशी.

चालू असलेली सगळी औषधं लिहून न्या. आयुर्वेदिक, होमिओपॅथी, जिमच्या पावडरी, लसणाच्या कॅप्सूल, सगळं. काहींनी रक्त पातळ होतं. टी बहुतेक डॉक्टर बंद करत नाहीत पण आपल्या मनाने चालू बंद काहीच करायचं नाही.

धनकवडीचा_भाऊ

मी तो भाऊ. ताईने लिंक पाठवली, सगळं वाचलं. मी शांत आहे असं तिने लिहिलंय, तितका नाहीये, पण मी घाबरलो तर ती अजून घाबरेल म्हणून बोलत नव्हतो. निळा सदरा, काळी खपली आणि संवेदनेचं लिहिलंत त्याबद्दल खूप आभारी आहे, ते मला डॉक्टरांना विचारायला जमत नव्हतं. विचार केला, मला ग्राफ्ट हवंच आहे, आता माहीत असून हवंय.

बीसीजीचा वण ताईने काल रात्री टॉर्च लावून बघितला. जाड आहे, आठ आण्याएवढा. गुरुवारी अपॉइंटमेंट आहे तेव्हा दाखवतो. कॉट शनिवारी येतेय, तिसऱ्या मजल्यावर चढवायला मी हात लावणारे, कारण नंतर दीड महिना ती मला काही उचलू देणार नाहीये.

हडपसर_२१

ऑपरेशनच्या तारखेला इथे एक ओळ टाका. पहिल्या दोन रात्री मी फोन चालू ठेवून झोपतो, मेसेजमध्ये नंबर पाठवलाय. वही, थर्मामीटर आणि रिकामा चार्जर पॉइंट कॉटच्या उजव्या हाताला येईल असं बघा, डावीकडे वळायला पहिले चार दिवस मला जमत नव्हतं.